कुणाला उपटायचं, कुणाला झाकायचं आणि कुणाला फोडणी द्यायची

दर वर्षी मृगाचा पाऊस होऊन गेला की दहा-बारा दिवसांत फाटकापाशी कुणीतरी येऊन उभं राहतं. "काकू, तणावर काय मारू?" मी विचारते, "कुठल्या?" की समोरचं माणूस गोंधळतं. तण म्हणजे तण, त्यात कुठलं काय?

मी चौतीस वर्षं टपाल खात्यात होते, त्यातली निम्मी सॉर्टिंगच्या टेबलापाशी गेली. पिनकोड न बघता पत्र थैलीत टाकलं की ते गावोगाव हिंडून आठ दिवसांनी परत आपल्याच टेबलावर. तणाचं तसंच आहे. कोण कशावर जगतंय ते न बघता खुरपं चालवलं, तर तेच तण दुपटीनं दारात हजर.

मी सांगते ते माझ्या परड्यापुरतं. कराडजवळ, कृष्णाकाठची काळी माती, घरामागे गुंठ्याला थोडी कमी जागा. चार वाफे, लिंबू, शेवगा, कढीपत्ता (हा दुसरा, पहिल्याचं काय झालं ते पुढे येईलच), कडेला मेंदीचं कुंपण आणि पुढच्या अंगणात सिमेंटचे ब्लॉक. ज्याचा एकरभर ऊस आहे त्यानं माझं ऐकू नये. त्याचं गणित वेगळं.

आधी एक उपटून बघा

पावसानंतर वापसा येऊ द्या. माती हाताला चिकटत नाही आणि ढेकूळ बोटानं फुटतं, ती वेळ. मग प्रत्येक तणाचं एकेक रोप अख्खं वर काढा. शेंडा धरून ओढू नका, खुरप्याचं टोक बाजूनं आत घालून उचला. आता पानाफुलांकडे बघू नका, खालचा भाग बघा.

एकच मूळ किंवा मुळांचा एक झुबका असेल तर ते बियांवर जगणारं. माठ, कुर्डू, टाकळा, एकदांडी, गाजरगवत सगळी यात आली. देठाच्या पेरापेराला मुळ्या फुटलेल्या असतील तर ते तुकड्यावर जगणारं: हरळी, केना, आंबुशी. मुळाच्या टोकाला हरभऱ्याएवढी काळपट गाठ सापडली तर तो लव्हाळा, आणि मग पदर खोचून बसा, कारण काम मोठं आहे. आणि मूळच नाही, पानही नाही, नुसती पिवळी दोरी कुंपणावर पसरलीय, तर ती अमरवेल.

लव्हाळा आणि गवत यांत गल्लत होते. देठ दोन बोटांत धरून गोल फिरवा. गवताचा देठ गोल लागतो, लव्हाळ्याचा तिधारी. हे मला भांगलायला येणाऱ्या मावशींनी शिकवलं. त्या न बघता, नुसत्या हातानं ओळखतात.

लव्हाळ्यापाशी थांबावं लागेल

घर बांधलं त्या वर्षी परड्यात लव्हाळा होता, पण विरळ. मी हौसेनं ऐन जुलैत गडी लावून सगळी जागा कुदळीनं खणून घेतली. आठ दिवस परडं इतकं स्वच्छ, की येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवलं. विसाव्या दिवशी हिरवी सतरंजी अंथरल्यासारखं झालं. पूर्वी जिथं एक शेंडा होता तिथं सहा.

असं का झालं, ते कळायला मला दोन पावसाळे लागले. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली बारीक दोऱ्यानं एकमेकींना जोडलेल्या असतात, माळेतल्या मण्यांसारख्या. वरची गाठ फुटलेली असते आणि तिच्या दाबाखाली बाकीच्या झोपलेल्या असतात. कुदळीनं माळ तोडली की प्रत्येक मणी स्वतंत्र होतो आणि प्रत्येकाला वाटतं, आता घर आपल्याच नावावर झालं. ओल्या जमिनीत खणणं म्हणजे लव्हाळ्याची लावणी करणं. नुसता शेंडा खुडला तरी खालची गाठ पुन्हा कोंब वर पाठवते, पण त्यासाठी तिला आपली शिदोरी खर्चावी लागते. सगळी गोम या शिदोरीत आहे.

मग उपाय दोनच राहतात. एक उन्हाळ्यातला, एक पावसाळ्यातला. मी दोन्ही करते.

उन्हाळ्यातला असा. एप्रिलच्या शेवटी वाफ्याचं पाणी पूर्ण तोडा. माती कोरडी पडली की वीतभर खोल खणा आणि ढेकळं उलटी करून उन्हात तशीच राहू द्या. बहुतेक गाठी या वरच्या वीतभरातच असतात. इथं खणलेलं चालतं, कारण गाठीला कोंब काढायला ओल मिळत नाही आणि उन्हात ती सुकत जाते. सुरकुतलेली, आत तपकिरी पडलेली गाठ मेली. दाबल्यावर आत पांढरी आणि टणक लागली तर जिवंत आहे. दोन आठवड्यांनी ढेकळं फोडून गाठी वेचायच्या आणि गच्चीवर पत्र्यावर पसरायच्या. खतखड्ड्यात अजिबात नाही. मध्येच वळीव आला तर सगळं ओमफस्. मला एकदा आला. तेव्हा वेचलेल्या गाठी तेवढ्या हाती लागल्या, बाकीच्या जमिनीत परत रुजल्या.

पावसाळ्यातला उपाय चिवटपणाचा आहे. कोंब तीन-चार पानांचा झाला की काढायचा. पंधरा दिवसांनी परत. परत. परत. पान वर येऊन गाठीला पोसायला लागण्याआधी, नव्या गाठी धरण्याआधी हात फिरला पाहिजे. एकदा सुटी घेतली, लग्नाला किंवा वारीला गेलात, की सगळं मूळ पदावर. मी माझ्या दोन वाफ्यांत लागोपाठ दोन वर्षं हे केलं आणि तिसऱ्या वर्षी मोजून अकरा कोंब निघाले. हे आमचे, चष्मा लावून, हातात वही घेऊन मोजत होते, म्हणून आकडा लक्षात आहे.

लव्हाळ्याला सावली सोसत नाही हे त्याचं वर्म. म्हणून तिसऱ्या वाफ्यात मी रताळ्याचे वेल पसरवले. वेलांनी जमीन झाकली की खालचा लव्हाळा पिवळा पडतो, बारीक होतो, गाठी कमी धरतो. मरत नाही, पण वेसण पडते. वर रताळी मिळतात ती वेगळीच, उपासाला.

पुठ्ठा, प्लॅस्टिक यांचा भरवसा इथं धरू नका. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा असतो. मी डोळ्यांनी काळ्या प्लॅस्टिकमधून आरपार आलेला पाहिलाय.

आणि गंमत बघा, याच गाठी वाळवून, कुटून दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा म्हणून जातात. इकडे उपटून टाकायला मजुरी द्यायची आणि तिकडे दुकानातून पुडी विकत आणायची. एका वर्षी मी घरच्या गाठी वाळवून कुटल्या. खलबत्ता दमला, मी दमले, पुडी भरली नाही.

हरळी: देवाला हवी, वाफ्यात नको

हरळी म्हणजे दूर्वा. तिला समूळ घालवायचं म्हटलं तर सासूबाई वरून डोळे वटारतील. म्हणून नळाजवळ हातभर जागा तिला सोडली आहे. श्रावणात बाजारात आघाडा-दूर्वांची जुडी विकायला येते तेव्हा मला पैसे मोडावे लागत नाहीत. त्याच्याच शेजारी आघाड्याची दोन झाडंही ठेवते. फक्त त्याची कणसं वाळून साडीला चिकटायला लागण्याआधी छाटते.

पण ही हातभर जागा शहाबादी फरशीच्या तुकड्यांनी बंदिस्त केलेली आहे. तुकडे फूटभर खोल उभे पुरले आहेत आणि चार बोटं वर ठेवले आहेत. वरून पळणारा धुमारा फरशी ओलांडायला लागला की दिसतो, तेवढा कात्रीनं कापते.

वाफ्यातल्या हरळीसाठी खुरपं बिनकामाचं. खुरप्यानं तिचे तुकडे होतात आणि पेर असलेला प्रत्येक तुकडा नवी हरळी. काटेरी फावडं किंवा कुदळ खोल घालून मातीचा थर सैल करायचा आणि काशा, म्हणजे जमिनीखाली पसरलेले तिचे पेरांचे दोरे, हातानं, न तोडता, लांबच लांब ओढून काढायच्या. हेही उन्हाळ्यातच. काढलेल्या काशा बांधावर फेकायच्या नाहीत, पत्र्यावर पापडासारख्या वाळू द्यायच्या.

हरळी झाकून मात्र मरते, लव्हाळ्यासारखी नाही. सगळीकडून उजेड बंद पाहिजे आणि निदान तीन-चार महिने. मी फ्रीज-कपाटांचे पुठ्ठे आणते. फर्निचरच्या दुकानाबाहेर संध्याकाळी फुकट मिळतात. त्यांच्या चिकटपट्ट्या काढायच्या, पुठ्ठा भिजवायचा आणि एकाची कड दुसऱ्याच्या कडेवर वीतभर चढवून अंथरायचा. फट राहिली की हरळीला दिवाळी. त्यावर चार बोटं उसाचं पाचट. आमच्याकडे पाचटाला तोटा नाही. तुमच्याकडे भाताचा पेंढा, नारळाच्या झावळ्या, वाळका पालापाचोळा, काहीही चालेल.

दोन गोष्टी सांभाळा. घराच्या भिंतीला लागून पुठ्ठा घालू नका, वाळवी लागते आणि ती पुठ्ठ्यावर थांबत नाही, चौकटीत शिरते. आणि झाडाच्या बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. भर पावसाळ्यात पाचटाखाली शंखी गोगलगायी बसतात, रात्री बाहेर पडून कोवळी रोपं फस्त करतात. सकाळी एकदा पाचट उचलून बघायची सवय ठेवा.

बियांवर जगणारी मंडळी

ही संख्येनं जास्त, पण स्वभावानं गरीब. यांना मारायला औषध लागत नाही, वेळ साधावी लागते. दोन पानांवर असताना जे काम दहा मिनिटांत होतं, त्याला गुडघ्याएवढं झाल्यावर दोन दिवस लागतात. बी धरल्यावर तर पुढच्या कित्येक वर्षांची बेगमी.

माझा आवडता डाव पेरणीच्या आधीचा. मेच्या मध्यावर वाफा तयार करायचा, खत मिसळून सपाट करायचा आणि काही न पेरता रोज झारीनं पाणी घालायचं. शेजारच्या वहिनी आधी हसायच्या, "मोकळ्या मातीला पाणी पाजताय?" आठ-दहा दिवसांत वरच्या थरातलं बी भराभर उगवतं. त्याला वाटतं पाऊस आला. मग उन्हाच्या सकाळी खुरपं आडवं धरून फक्त इंचभर वरची माती खरवडायची. परत पाणी, परत आठ दिवस, परत खरवडणी. त्यानंतर भेंडी-गवार टोकायची, पण माती उलटवायची नाही. हे महत्त्वाचं. खाली खोलवर बी वर्षानुवर्षं निजलेलं असतं. बऱ्याच बारीक बियांना उगवायला उजेड लागतो. तुम्ही खणून त्यांना वर आणलं नाही तर ती निजूनच राहतात.

भाजीचे पहिले तीस-चाळीस दिवस तणाला डोकं वर काढू द्यायचं नाही. त्यानंतर भेंडीच स्वतःची सावली पाडते, मग थोडंफार तण राहिलं तरी मी डोळेझाक करते.

ज्यांच्याकडे वाफा उन्हाळ्यात रिकामा असतो त्यांनी आणखी एक करावं. जमीन सपाट करून भिजवायची आणि त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून अंथरायचं, कडा मातीत पुरायच्या. एप्रिल-मेच्या उन्हात चार ते सहा आठवडे. काळं नको, पारदर्शकच. ऊन आत जातं आणि ऊब आत कोंडली जाते, काळ्या कागदात ती वरच अडते. पातळ, पंचवीस मायक्रॉनचा कागद पुरतो. भिजवलेल्या मातीत ऊब खोल उतरते, म्हणून आधी पाणी विसरू नका. वरच्या दोन-तीन इंचांतलं बरंचसं बी यात शिजून जातं. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र टिकतात. मी करून पाहिलंय, त्या ढिम्म.

खुरपणी नेहमी सकाळी, कडक उन्हाच्या दिवशी. उपटलेलं तण दुपारपर्यंत जागेवरच वाळतं आणि वाफ्याचंच खत होतं. याला अपवाद घोळ आणि केना. घोळीच्या देठात इतकं पाणी असतं की उपटून चार दिवस पडली तरी हिरवी राहते आणि पाऊस आला की मुळ्या धरते. केना आणखी बिलंदर. वरती निळं फूल दाखवतो आणि जमिनीखाली, फूल न उमलवताच, आणखी बी धरतो. वरचं सगळं काढलं म्हणून निर्धास्त झालात की खालून पोरं बाहेर. म्हणून केना मुळासकट उचलायचा, घमेल्यात टाकायचा आणि सिमेंटवर वाळवायचा.

किंवा खायचा. केन्याच्या पानांची भजी कुरकुरीत होतात. घोळ मुगाच्या डाळीत, लसणीची फोडणी देऊन. तांदुळजा, कोवळा टाकळा, कोवळा कुर्डू, पाथरी, सगळ्यांना आमच्या घरी ताटात जागा आहे. आषाढात भाजी महाग होते तेव्हा आठवड्यातून दोनदा तरी आमच्याकडे तणाचा बेत असतो आणि हे न कुरकुरता जेवतात, कारण खुरपणीला त्यांना बसवत नाही. घोळ तोडताना देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, जमिनीला चिकटून वाढणारी दुधी आहे, ती खायची नाही. ज्या जागेवर कुणी काही फवारलं असेल तिथलंही काही तोडू नका. रस्त्याच्या कडेचं तर नाहीच.

गाजरगवत वेगळं सांगते

याला चटकचांदणी म्हणतात, काँग्रेस गवत म्हणतात. मूळ अमेरिका खंडातलं. आपल्याकडे १९५५ च्या सुमाराला पुण्यात त्याची नोंद झाली, परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं सांगतात. एकेक झाड हजारोंनी बी टाकतं, आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलतं, म्हणून एका पावसाळ्यात त्याच्या दोन-तीन पिढ्या होऊ शकतात.

याला उघड्या हातानं शिवू नका. माझ्या कोपरापर्यंत पुरळ उठून आठवडा गेला होता आणि तेव्हा मला वाटलं होतं, आपल्याला काय होतंय. कुणाला खाज येते, कुणाला दमा लागतो. पूर्ण बाह्या, हातमोजे, नाकाला फडकं. ओल्या मातीत, फूल येण्याआधी, मुळासकट. विळ्यानं कापलं तर बुंध्यातून परत फुटतं. फुलाआधीचं गाजरगवत खतखड्ड्यात चालतं, फुलल्यावर नाही.

पावसाळ्यात त्याच्या पानांवर फिकट रंगाचे, पाठीवर काळपट रेघा असलेले छोटे भुंगे दिसले तर मारू नका. हा मेक्सिकन भुंगा, १९८३-८४ च्या सुमाराला याच कामासाठी मेक्सिकोहून आपल्याकडे आणला. गाजरगवताची पानं चाळण करून टाकतो. थंडीत जमिनीत दडतो, पुढच्या पावसाला बाहेर येतो. जबलपूरला तण संशोधनाची केंद्र सरकारची संस्था आहे. तिच्या पुढाकारानं १६ ते २२ ऑगस्ट या आठवड्यात देशभर गाजरगवत उपटायची मोहीम असते, तीत हे भुंगेही सोडले जातात. आमच्या कॉलनीनं त्या आठवड्यात मोकळा प्लॉट साफ केला. सगळ्यांनी फोटो काढले, मग निम्म्यांनी उपटलं.

फरशीच्या फटी, आणि पहिला कढीपत्ता

तण खाई धन म्हणतात. माझ्याकडे तणापेक्षा ते मारण्याच्या उपायांनी जास्त खाल्लं.

अंगणातल्या ब्लॉकच्या फटींमधून आंबुशी आणि गवत यायचं. कुणीतरी सांगितलं, खडेमीठ घाला. मी तीन किलो घातलं. महिनाभर काही उगवलं नाही, मी खूश. मग पाऊस आला, मीठ विरघळून उताराला गेलं आणि उताराला होता आमचा बारा वर्षांचा कढीपत्ता. आधी पानांच्या कडा करपल्या, मग फांद्या वाळल्या, संक्रांतीपर्यंत खोड उरलं. त्या जागेवर पुढची दोन वर्षं काही धड आलं नाही. ओसाड माळावरच्या गाजरगवतावर लिटरला दीडशे-दोनशे ग्रॅम मीठ विरघळवून फवारा असं कृषी खात्याची माणसं सांगतात, पण ते ओसाड माळावर. बागेत, झाडाजवळ, विहिरीजवळ मीठ नको. रॉकेल नको, जुनं इंजिन ऑइल तर नकोच.

फटींसाठी आता माझा उपाय उकळतं पाणी. बटाटे-अंडी उकडलेलं, पास्त्याचं (नातवाची कृपा), ते मोरीत न ओतता किटलीत भरून थेट फटीत. कोवळी रोपं एका दमात झोपतात. मुरलेल्याला आठ-आठ दिवसांनी तीनदा द्यावं लागतं. पायात बूट घाला, चप्पल नाही. ठिबकची नळी, गांडुळाचं खत आणि हवं असलेलं झाड यांच्यापासून दूर.

व्हिनेगरचं कौतुक फार ऐकू येतं. स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर चार-पाच टक्क्यांचं असतं. भर उन्हात शिंपडलं तर कोवळं पान करपतं, मूळ शाबूत राहतं. दोन पानांच्या रोपासाठी ठीक, हरळी-लव्हाळ्यासाठी पैसे वाया. उकळतं पाणी फुकट आहे.

अमरवेलीचं एवढंच: तिला सोडवत बसू नका. तुकडा राहिला की परत पसरते. मेंदीच्या ज्या फांद्यांना ती गुंडाळलीय त्या फांद्यांसकट, वीतभर खालून कापा आणि बंद पिशवीत भरा. मेंदी परत फुटते.

दुकानातलं औषध

आता मूळ प्रश्न. "काय मारू?"

दुकानात गेलं की बाटली लगेच समोर येते. "मारा, सगळं जातं." हे "सगळं" ऐकून मीच दचकते, कारण सगळ्यात माझी मिरचीही आली.

कोण काय करतं एवढं तरी माहीत असावं. ग्लायफोसेट हिरव्या पानातून आत शिरून मुळापर्यंत जातं, त्यामुळे हरळी-लव्हाळ्यावर चालतं. पण आठ-पंधरा दिवस लागतात, गढूळ पाण्यात कालवलं तर निकामी होतं, आणि ज्या हिरव्यावर पडेल त्याला घेऊन जातं. आधी तण कापून मग फवारणारे लोक पाहिले की हसू येतं. पान नाही तर औषध शिरणार कुठून? भारतात त्याला परवानगी होती ती चहाचे मळे आणि बिगर पिकाच्या जागेपुरती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये त्याला "बहुधा कर्करोगकारक" अशा गटात घातलं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्यांपुरता मर्यादित केला. म्हणजे परड्यात तुम्ही-मी पंप पाठीला लावून मारायचं ते औषध नव्हे.

पॅराक्वाट पानाला लागेल तेवढं जाळतं, मुळाला काही करत नाही. पोटात गेलं तर त्याला उतारा नाही. मी ते घराच्या आवारात ठेवू देणार नाही, मग तण कमरेएवढं होवो. टू-फोर-डी रुंद पानांचं तण मारतं आणि गवताला सोडतं, म्हणून लॉनवाले, ऊसवाले ते वापरतात. पण टोमॅटो, वांगी, मिरची, द्राक्ष हीही रुंद पानांचीच. एका वर्षी वाऱ्याच्या संध्याकाळी पलीकडच्या शेतात फवारणी झाली आणि माझ्या टोमॅटोची पानं चौथ्या दिवशी दोरीसारखी पिळवटली. भांडायला गेले नाही. वारा कुणाचा, सांगणार कसं?

यातूनही ज्यांना मारायचंच आहे त्यांना माझी अट एवढीच, की तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा आणि त्यावर ऑइलपेंटनं लिहा. धुतलेल्या पंपातही अंश राहतो आणि पुढच्या आठवड्यात त्याच पंपानं फुलांवर निंबोळी अर्क मारला की फुलं गेली. बाटलीवरचा रंगीत चौकोन बघा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. सुटं, दुसऱ्या बाटलीत ओतून दिलेलं औषध कुणी फुकट दिलं तरी घरात आणू नका.

गुंठाभराच्या परड्याला यातलं काही लागत नाही, असं माझं स्वच्छ मत आहे. रोज सकाळी चहा झाल्यावर वीस मिनिटं, बसायला लाकडी पाट, आणि लोहाराकडून धार लावून आणलेलं खुरपं. दुकानातलं चकचकीत, गुलाबी मुठीचं खुरपं आणलंत तर आठवड्यात पातं वाकेल.

नवं तण येतं कुठून

वाऱ्यानं एकदांडी येते, पाखरांनी घाणेरी येते, त्याला इलाज नाही. पण लव्हाळा आणि हरळी बहुतेक आपणच पैसे देऊन आणतो, मातीच्या ट्रॉलीतून, नर्सरीच्या कुंडीतून, अर्धकच्च्या शेणखतातून. शेणखत चांगलं कुजलेलं, हातात घेतल्यावर चहाच्या चोथ्यासारखं लागणारं, शेणाचा वास न येणारं असेल तरच घ्या. कच्च्या शेणात गवताचं बी जिवंत असतं. नर्सरीचं रोप कुंडीतून काढून खालची माती चाळा, गाठ सापडली तर काढा.

मातीसाठी मी आता एक करते. ट्रॉली ठरवायच्या आधी त्या ढिगातली पाच-सहा ठिकाणची, थोडी खोलातली माती घमेलंभर मागून आणते. जुन्या टबात पसरते, रोज पाणी घालते आणि उन्हात ठेवते. दहा-बारा दिवस. गेल्या मार्चमध्ये चौथ्या वाफ्यासाठी अशी माती आणली होती. ट्रॉलीवाला रोज फोन करायचा, "काकू, टाकू का? गिऱ्हाईक थांबलंय." नवव्या दिवशी टबात तीन कोंब दिसले. एक उपटला, दोन बोटांत धरून फिरवला. तिधारी होता. फोन केला आणि सांगितलं, थांबलेल्या गिऱ्हाइकाला देऊन टाक.